टेपचं दुसरं टोक

अर्जात एक चौकट आहे :
सध्याचं विद्यापीठ तुम्ही का सोडू इच्छिता?
साडेसहाशे शब्द.
खाली एक आकडा, मी टाईप करेन तसा उतरत जाणारा.

मी लिहिलं, इथे सागरी जीवशास्त्र शिकवत नाहीत.
खरं आहे.
पण सप्टेंबरात आले तेव्हाही शिकवत नव्हते,
आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.
मग लिहिलं, वर्ग फार लहान आहेत. पुसलं.
वर्ग फार मोठे आहेत. तेही पुसलं.
खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर,
खनिजाच्या धक्क्याला एकही बोट नाही,
आणि जानेवारीपासून आभाळाचा रंग
भांडी विसळून उरलेल्या पाण्याचा.
हे कारण धरतात का,
कुणाला विचारायचं?

रजिस्ट्रारच्या खिडकीत मिसेस लायटिनन.
माझ्या आईच्या शाळेतल्या,
एका बाकावरच्या नव्हेत, पण एकाच बसमधल्या.
मी गुणपत्रक मागितलं, सीलबंद.
सीलबंद म्हटल्यावर चष्म्यामागे काहीतरी हललं.
"आईला बोललीस?"
"बोलेन."
शिक्का त्यांनी जरा जोरातच मारला.
पाच डॉलर.
पावती हवी का?
नको.

हॅव्हरकॅम्प सर प्रयोगशाळेत
ट्रेमधले दगड पुन्हा डब्यांत भरत होते.
शिफारसपत्र हवंय, म्हटलं.
कुठल्यासाठी, तेही म्हटलं.
त्यांनी बेसॉल्टचा एक तुकडा उगाच उलटा केला.
"मग काय लिहू?
इथे काय नाही ते,
की तुझ्यात काय आहे ते?
दोन्ही एका पानात मावायचं नाही."
मी हसले. ते हसत नव्हते.
शुक्रवारी पत्र गेलं.
त्यात काय आहे, मला कधीच वाचता येणार नाही;
तशा अटीपुढे
मीच बरोबरची खूण केली होती.

आणि डेलिया.
डेलिया ट्रूडेल, जी घोरते आणि कबूल करत नाही,
जिने ऑक्टोबरातल्या तापात रात्रभर
माझ्या कपाळावर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी धरली,
आणि दुसऱ्या दिवशी तेच वाटाणे शिजवून आम्ही खाल्ले.
पुढच्या वर्षीच्या खोल्यांच्या सोडतीत
तिचा चौदावा नंबर लागला.
"तिसरा मजला, सरोवराकडची! घ्यायची ना?"
"घेऊ या की," मी म्हटलं,
इतक्या सहज, की माझं मलाच खरं वाटलं.
अनामत दोनशे डॉलर.
त्याच आठवड्यात, त्याच कार्डावर,
अर्जाचे पंचाहत्तर.

दोन डगरींवर पाय, असं म्हणतात.
म्हणणाऱ्यानं कधी पाहिलं नसावं
मधलं पाणी गोठलेलं असलं
तर किती महिने तसं उभं राहता येतं ते.

आता एप्रिल.
त्या खोलीत सध्या राहणाऱ्या मुलींकडून
डेलियानं अर्ध्या तासासाठी किल्ली मागून आणली.
तिला तिथे पुस्तकांची फळी लावायची आहे,
फळी तिचे वडील करणार आहेत,
सीडरची, दोघींना पुरेल अशी.
"हे धर," म्हणाली,
आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं.
मग ती मागे मागे जात राहिली,
कुणाच्या तरी चपला ओलांडून,
अर्धवट खाल्लेल्या सफरचंदाला वळसा घालून,
पार खिडकीपर्यंत.
आमच्यामध्ये पिवळी पट्टी ताणत गेली,
मधोमध थोडी लवली, थरथरली.
"सोडू नकोस हं.
सटकन येते परत. बोट कापतं."
खाली कुठेतरी बर्फाला तडा गेला,
लांबवर, कुणी जड दार लोटावं तसा.
दोघींनी तिकडे पाहिलं.
"एकशे बेचाळीस इंच," ती म्हणाली. "लिही."

पेन माझ्याकडे नव्हतं.
अंगठ्याखाली भिंत गार होती.
निकाल पंधरा मेला.
मी आकडा तोंडातच धरून ठेवला,
एकशे बेचाळीस, एकशे बेचाळीस,
"लिहिलंस?"
टेप अजून ताणलेलीच होती.
"डेलिया," मी म्हटलं,
"एक मिनिट,
आधी तू तुझं टोक सोड."